रुखमाबाईंचं धुणं आणि उकंडरावांचा प्रोसेसर

उकंडरावांच्या घराला सहा कॅमेरे लागले आणि त्याच दिवसापासून रुखमाबाई आपल्याच घरात चोरासारख्या वावरू लागल्या.

तसं पाहिलं तर कॅमेरे लागले होते खऱ्या चोरासाठी. ओट्यासमोर लावलेल्या मोटारसायकलीतलं पेट्रोल कोणीतरी नळी घालून काढून नेत होतं. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा उकंडराव भर रस्त्यात गाडी ढकलत आले आणि सगळ्या जानेफळानं ते पाहिलं. मग नाशिकला कंपनीत असलेला त्यांचा मुलगा दीपक दिवाळीला येताना एका खोक्यात कॅमेरे आणि दुसऱ्या खोक्यात आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आला. दोन दिवस शिडीवर चढउतार करून त्यानं गेट, ओटा, अंगण, गोठा, मागचं वाडगं आणि गच्ची अशी सहा ठिकाणं बांधून काढली आणि तो निघून गेला.

पेट्रोलचोर काही सापडला नाही. कॅमेरे पाहून त्यानं आपला धंदा बंद केला असावा. पण उकंडरावांना मात्र नवा धंदा मिळाला. वावर पाहायला गोविंदा सालगडी होता, घरात काम नव्हतं, वय पासष्टीच्या पुढं. सकाळी चहा घेऊन जे कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसायचे ते जेवायलाच उठायचे. स्क्रीनवर सहा खिडक्या. एखाद्या खिडकीत काही हललं की मशीन पिंग करायचं आणि उकंडराव घरभर ऐकू जाईल असं समालोचन सुरू करायचे.

"दोन नंबरवर कुत्रं आलं! ... गेलं! ... अवो, पाच नंबरवर कोन हाय? तू हाय का? बादली घेऊन कुठं चालली?"

हा पाच नंबर म्हणजे मागच्या वाडग्याचा कॅमेरा. रुखमाबाईंचं सगळं दुखणं तिथं होतं.

वाडग्याच्या भिंतीत एक लहानसं दार होतं. दारापलीकडे उकंडरावांच्या धाकट्या भावाचं, वामनरावांचं घर. दोन्ही भावांचं दोन वर्षांपासून बोलणं बंद होतं. कारण विचाराल तर हसाल. वामनरावांच्या मुलीचं, संजीवनीचं लग्न झालं, त्याची शूटिंग साऱ्या भावकीनं बसून पाहिली. तीन तासांच्या त्या शूटिंगमध्ये नवरीचा सख्खा मोठा काका एकदाच दिसला, तोही पाठमोरा, पंगतीत वाकून कढी वाढताना. "तीन घंट्यात माही फकस्त पाठ?" असं म्हणून उकंडराव उठले ते आजतागायत त्या घराची पायरी चढले नव्हते. वामनरावही एक नंबरचे हट्टी. "शूटिंगवाल्याले मी काय सांगू, दादाचं तोंड शोध म्हनून?" एवढं एकच वाक्य बोलून तेही गप्प बसले.

भावांचं भांडण भावांपाशी. दोघी जावांचं त्यात काय जातं? तानुबाई या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून कुरडयांचा चीक दोघींनी मिळूनच शिजवला होता. चिकाचं असं असतं, की एकीनं हाटायचं आणि दुसरीनं पातेलं धरायचं. शेजारणीला बोलावून ते जमत नाही, कारण शेजारीण मध्येच सांडशी सोडून पदर सावरते. म्हणून भांडणानंतरही रुखमाबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन वाडग्यात जायच्या, इकडंतिकडं पाहायच्या आणि दारातून पलीकडं सटकायच्या. पाटीत शेण नसायचं. कधी धपाटे, कधी निवडलेले गहू, कधी नुसतीच गावभरची बातमी.

कॅमेरे लागले आणि हे सारं बंद पडलं. पाटी उचलली रे उचलली की आतून आवाज यायचा, "पाच नंबर! सकाळीच तं शेन टाकलं ना वो?"

तोंडानं कोणी मना केलेलं नव्हतं. पण मना केलेलं मोडता येतं. न केलेलं कसं मोडणार?

फाल्गुनात वारं सुटलं तेव्हा देवानंच वाट दाखवली. एका सकाळी रुखमाबाईंनी गोधड्या आणि चार लुगडी धुऊन वाडग्यातल्या दोरीवर टाकली. वाऱ्यानं लुगडी अशी काही फडफडायला लागली, जशी दोरी सोडून खामगावला निघालीत. आणि घरातून भलताच आवाज आला. आधी घोंऽऽ, मग भर्रर्र, मग पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा.

रुखमाबाई चहा घेऊन आत गेल्या. कॉम्प्युटरचा डबा गरम होऊन गुरगुरत होता. उकंडराव स्क्रीनच्या पार जवळ नाक नेऊन पाच नंबरच्या खिडकीकडं पाहत होते. त्या खिडकीत रुखमाबाई उभ्या होत्या. हातात बादली, तोंड उघडं, एक पाय उचललेला.

"अवो, काय झालं तुले?" उकंडराव खिडकीतल्या रुखमाबाईंना म्हणाले. "एका पायावर काऊन उभी हाय कव्हाची?"

"चा घ्या," मागून खऱ्या रुखमाबाई म्हणाल्या.

उकंडराव असे दचकले की बशी हिंदकळली. त्यांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. पुढची रुखमाबाई अजून एका पायावरच होती.

"बाप्पा! तू इथं, मंग ते कोन?"

"ते मीच. मघाची."

उकंडरावांनी कॉम्प्युटरचा उंदीर हलवला, बटणं दाबली, डब्यावर दोन चापट्या मारल्या. चहा निवाला, पण खिडकीतली बाई पाय खाली ठेवायला तयार होईना. रुखमाबाई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला, कारण हसू आवरत नव्हतं. हसता हसता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्क्रीनवर जोवर ती दुसरी उभी आहे, तोवर ही पहिली कुठंही जाऊ शकते!

त्याच पावली त्या तानुबाईंकडे जाऊन आल्या.

तेव्हापासून उकंडरावांच्या घरात स्वच्छतेचं वारं शिरलं. रुखमाबाई रोज धुणं काढू लागल्या. लुगडी झाली, चादरी झाल्या, पडदे झाले. धुतलेलंच पुन्हा धुतलं. दिवाणावरची सतरंजी, दीपकच्या लहानपणच्या झबल्यांचं गाठोडं, एकदा तर बैलांच्या पोळ्याच्या झुली. गल्लीतल्या विमलबाई दारातून म्हणाल्या, "घरी कोनी पाहुनं येऊन राह्यलं का वो? येवढं धुनं?" रुखमाबाई म्हणाल्या, "धूळ लय झाली माय." आणि खोटं नव्हतं ते. धूळ होतीच, नवऱ्याच्या डोळ्यांत फेकायपुरती.

तिकडं उकंडराव हैराण. बरोबर दुपारी मशीन गिरणी होई आणि सहाच्या सहा खिडक्या थिजून बसत. दीपकला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, प्रोसेसरवर लोड येऊन राह्यला असंन. मेहकरच्या दुकानदाराले बोलवा."

मेहकरहून अविनाश आला. कॅमेरे-कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा तिशीतला गडी, पोट सुटलेलं, बोलण्याची भयंकर हौस. त्यानं आल्याबरोबर तीन बटणं एकदम दाबून एक चौकोन उघडला. चौकोनात हिरवी रेघ वरच्या काठाला चिकटून धावत होती.

"हे पाहा काका. शंभर टक्के. तुमचा प्रोसेसर नाकातोंडाले फेस येईपरेंत पळून राह्यला. दुसऱ्या कामाले त्याच्यापाशी दमच नाही. मंग चित्रं अटकनार नाही तं काय होईन?"

"पन काऊन? सहा तं कॅमेरे हाय."

रुखमाबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि दारातच खांबाला टेकून बसल्या. असं काही ऐकायला मिळणार असेल तर पोहे परत गरम करायचीही त्यांची तयारी होती.

"सांगतो," अविनाशनं बशी उचलली. "एकेक कॅमेरा एका सेकंदात पंचवीस फोटो पाठवते. सहा कॅमेरे म्हंजे दीडशे. तेही मोठाले. येक सेकंद झाला का पुन्हा दीडशे. हा बिचारा ते सारे उघडते, मागच्या फोटोशी ताडून पाह्यते, का बा काही हललं का. हललं असंन तं अजून बारकाईनं पाह्यते, मानूस हाय का जनावर. आन् मंग पुन्हा घडी घालून ठेवते."

"मंग त्याचं कामच हाय ते," उकंडराव म्हणाले.

"घडी घालाचं नाही! काकू, तुमी पापड करता ना? समजा तुमाले कोनी वाळलेले पापड पाठवले. तुमी काय करसान? डब्यात भरसान. हे तुमचं सॉफ्टवेअर काय करते? वाळलेला पापड पान्यात भिजवते, गोळा करते, पुन्हा लाटते, पुन्हा वाळवते, आन् मंग डब्यात भरते. कॅमेऱ्यानं आधीच वाळवून पाठवला हाय, तसाच्या तसा भरून ठेवाचा ना! याची एक खूण असते, ते दीपकभाऊनं केलीच नाही."

रुखमाबाईंना हे इतकं पटलं की त्यांनी अविनाशच्या बशीत न विचारता अजून पोहे टाकले.

"दुसरं. तुमी दिवसभर साही खिडक्या उघड्या ठेवता. पाह्यासाठी चित्र काढून दाखवा लागते, त्याचा लोड येगळा. कॅमेऱ्याचं एक लहान चित्र बी असते, पाह्यासाठी ते लावा आन् मोठं फकस्त साठवाले. तिसरं, पंचवीस फोटो कशाले पाह्यजे? तुमच्या घरी काय क्रिकेट चालू हाय? दहा बस झाले." अविनाशनं घास घेतला आणि पाच नंबरची खिडकी मोठी केली. "आन् चौथं म्हंजे हे. याच्यानंच जीव जाऊन राह्यला तुमच्या मशीनचा."

खिडकीत रुखमाबाईंची हिरवी, जांभळी, विटकरी लुगडी मोकाट उडत होती.

"एकेक पदर हलला का हा प्रोसेसर इचारते, मानूस का जनावर? मानूस का जनावर? लुगडं काही जवाब देत नाही. मंग पुन्हा इचारते."

उकंडरावांनी हळूच मान वळवून बायकोकडं पाहिलं. रुखमाबाईंनी पोह्यातला शेंगदाणा निवडायला घेतला.

अविनाशनं उंदरानं दोरीभोवती एक लाल चौकट ओढली. "याले मास्क म्हंतात. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर तेवढ्यापुरती पट्टी. आता या चौकटीत कायबी हलू द्या, सॉफ्टवेअर पाहनार नाही, साठवनार नाही, पिंग करनार नाही."

रुखमाबाईंच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. हा मेहकरचा पोरगा पोहे खाता खाता त्यांची वाट बंद करत होता असं त्यांना मघापासून वाटत होतं. आता ऐकलं तर तो नवी सडकच बांधून देत होता.

"भाऊ," त्या अगदी गरीब आवाजात म्हणाल्या, "वारं जोराचं आलं का माहे पदर पार त्या भिंतीच्या दारापरेंत जातेत. मंग?"

"मंग चौकट मोठी करू." लाल रेघ सरकत सरकत दाराच्या चौकटीपलीकडं गेली. "बस?"

"थोडी अजून. गोधडी बी असते कधीकधी."

अविनाशनं साऱ्या खुणा केल्या, मशीन बंद करून चालू केलं. हिरवी रेघ वरून घसरली आणि तळाशी जाऊन निजली. बारा टक्के. मशीनमधला पंखा असा गप्प झाला की बाहेरची चिमणी ऐकू आली. जाताना त्यानं उकंडरावांना बजावलं, "खिडकी बंदच ठेवा काका. कोनी आलं तं मोबाइलवर फोटो येईन. दीपकभाऊले बी येईन. तुमी बिनघोर फिरा."

उकंडराव खरंच बिनघोर झाले. कित्येक महिन्यांनी त्यांना पाय फुटले. जेवून झोप काढत आणि चारच्या सुमाराला मारुतीच्या पाराकडं जातो म्हणून निघत. चारलाच रुखमाबाईंचं विमलबाईंकडं भजन असे. दुपारच्या झोपेत मात्र रुखमाबाई लुगड्यांच्या आडून, लाल चौकटीच्या पोटातून, पाटी घेऊन राजरोस पलीकडं जात. मोबाइल पिंग करत नव्हता. आता धुणं वाऱ्यावर सोडायचीही गरज उरली नव्हती, पण दोरीवर एखादं पातळ त्या ठेवत, उपकार विसरू नये म्हणून.

तेवढ्यात पलीकडच्या घरात आक्रीत घडलं. वामनरावांनी कॅमेरे लावले. बुलडाण्याहून माणूस आणून. आणि मोजून आठ.

"सहा नाही, आठ!" तानुबाई गव्हाचा चीक हाटता हाटता म्हणाल्या. "म्या म्हटलं, आपल्या घरी हाय काय चोराले न्याले? तं म्हंते, दादाच्या घरी काय हाय मंग? आन् एक कॅमेरा बराबर त्या दारावर हाय, अक्का."

रुखमाबाईंनी सांडशी घट्ट धरली. "मंग मी दिसतो ना त्याच्यात!"

"कुठची दिसता! मशीन दिवसभर भोंग्यावानी वरडते आन् चित्र अटकून राह्यते. काल दिवसभर त्याच्यात एकच कोंबडी उडून राह्यली होती, खाली काही उतरली नाही. ह्यायले चालवता कुठं येते?"

खरंच, आतून घोंऽऽ असा आवाज येत होता. भिंत ओलांडून तो उकंडरावांच्या माजघरातही जायचा. रुखमाबाई ऐकत राहिल्या आणि त्यांनी जाणत्या वैद्यासारखी मान हलवली. "प्रोसेसर," त्या म्हणाल्या. "पापड भिजवून राह्यला."

तानुबाईंना काही कळलं नाही, पण अक्का म्हणतात म्हणजे असेल, म्हणून त्या हाटत राहिल्या.

पुढं आठ-दहा दिवसांत तो भोंगा कमी होत गेला आणि मग बंदच पडला. "कोनीतरी मेकॅनिक सापडला म्हंते," तानुबाई म्हणाल्या. "कोन, ते सांगत नाही. मी शेवया वळाले शेजारी जातो तव्हाच येऊन जाते तो." दोघींना बरंच वाटलं. शांततेत गप्पा नीट होतात.

मग एक दिवस विमलबाई मोताळ्याला भावाकडं गेल्या आणि भजन राहिलं. उकंडराव नेहमीप्रमाणं पाराकडं गेले. घर रिकामं, वेळ मोकळा. रुखमाबाईंनी कुरडयांचे भिजवलेले गहू पाटीत घेतले आणि चारलाच पलीकडं गेल्या. तानुबाई त्या दिवशी घरीच होत्या, आजच शेवयांना सुट्टी होती. दोघी स्वयंपाकघरात बसून पातेल्यातल्या पाण्यात गहू चोळायला लागल्या, तोच बाहेरच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं.

"अबे, वाळला पापड काऊन भिजवतं? तसाच भर ना डब्यात!"

रुखमाबाईंचे हात पाण्यात तसेच राहिले. हा आवाज त्या चाळीस वर्षं ऐकत होत्या.

तानुबाईंनी घाईनं डोक्यावर पदर घेतला, कारण भासरे, म्हणजे मोठे दीर, घरात असताना उघड्या डोक्यानं बसायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांना सुचलं की आपण तर भिंतीआड आहोत, आणि भासरे या घरात असूच शकत नाहीत. दोघी दाराच्या फटीला डोळा लावून उभ्या राहिल्या, एकीच्या वर एक.

आत दोन खुर्च्या. एकीवर वामनराव, दुसरीवर उकंडराव. पुढं स्क्रीन. उकंडरावांच्या हातात उंदीर आणि तोंडात कचोरी. मधुमेहाची गोळी सुरू करताना डॉक्टरांनी त्यांचं तेलकटही बंद केलं होतं, ते अर्थात पारावर ठाऊक नसावं.

"खिडक्या बंद केल्या, फोटो दहावर आनले, म्हनून एवढा तरी गप्प झाला," उकंडराव घास गिळून म्हणाले. "आता हे पापडाचं करू, मंग मास्क लावू."

"मास्क नको दादा लावू. मंग हे दिसनार नाही." वामनरावांनी एका चित्रावर बोट ठेवलं.

चित्र हललं. वाडग्याचं दार उघडलं, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आत आली, थांबली, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि नववधूसारखी पाय न वाजवता निघून गेली. पुढचं चित्र. तीच बाई, वेगळं लुगडं. त्याच्या पुढचं. पुन्हा तीच.

"पाह्य, पाह्य, तुह्या वयनीची चाल पाह्य!" उकंडराव खुर्चीत हलून हलून हसत होते. "आन् शेन म्हंते त्याले! त्याच्यात धपाटे असतेत लेका. माह्या ताटातले कमी होतेत, मले समजत नाही काय?"

"मले भेटतेत ना ते," वामनराव म्हणाले. "गरम असतेत."

फटीमागं रुखमाबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यांना एवढं कसं सुचलं नाही? पंखा गप्प म्हणजे प्रोसेसर मोकळा. प्रोसेसर मोकळा म्हणजे कॅमेरा जागा. त्या इकडं शांततेत गप्पा मारत होत्या आणि त्यांचा रोजचा तमाशा दोघं भाऊ चार वाजता कचोरीबरोबर पाहत होते!

तानुबाई कुजबुजल्या, "आता काय कराचं वो अक्का?"

रुखमाबाईंनी ओले हात पदराला पुसले. मग त्यांनी विचारलं, "तुह्यापाशी धुनं किती हाय?"

धुणं होतं तेवढं घेतलं, बाकीचं पेटीतून काढलं. कोरडं असलं म्हणून काय झालं, वाऱ्याला कोरडंच आवडतं. दोघींनी मागच्या वाडग्यात लुगडी टांगली, अंगणातल्या लिंबाला चादरी बांधल्या, ओट्यावर संजीवनीच्या लग्नातला चमकीचा पडदा सोडला. तानुबाईंनी सुपातली ज्वारी अंगणभर उधळली, तशा साऱ्या गल्लीच्या कोंबड्या पंख पसरत आल्या आणि त्यांच्यामागं दोन बकऱ्या. चैत्राचं वारं होतंच. आठातले सहा कॅमेरे तरी माणूस का जनावर, माणूस का जनावर करत वेडे झाले असणार.

आतून आधी घोंऽऽ आलं. मग भर्रर्र.

"काय दाबलं बे तू?" उकंडरावांचा आवाज.

"म्या कुठं? उंदीर तुह्या हातात हाय!"

"शंभर! अबे, शंभरवर गेला! आता तं तीसवर होता! थांब, खिडक्या उघडून पाह्यतो."

रुखमाबाई दारावरच्या कॅमेऱ्यासमोर गेल्या. साठीला आलेली, दोन नातवंडांची आजी असलेली बाई. त्यांनी मान वर केली, दोन्ही कानांना दोन अंगठे लावले आणि जीभ बाहेर काढली. चांगली वीतभर. मग पदर नीट केला, स्वयंपाकघरातून दोन कप चहा घेतला आणि बाहेरच्या खोलीत गेल्या.

स्क्रीनवरच्या साऱ्या खिडक्या थिजल्या होत्या. एका खिडकीत कोंबडी हवेत. एकीत बकरी पडदा खाताना. आणि मधल्या मोठ्या खिडकीत रुखमाबाई, जीभ बाहेर, अंगठे कानाला. दोघे भाऊ त्या जिभेकडं टक लावून बसले होते. उकंडरावांची कचोरी हातातच थांबली होती, तेही जणू त्या मशीनमधलेच.

"चा घ्या," रुखमाबाई मागून म्हणाल्या. "पारावर चा भेटत नसंन."

उकंडराव वळले नाहीत. वळायला जागाच नव्हती. "मी... ते... मशीन पाह्याले आलतो."

"दिसते मले. दोन वर्सांपासून पायरी न चढता आले ना?"

"पायरीनं कुठं आलो?" उकंडराव अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मागच्या दारानं आलो. तुह्याच लुगड्याआडून. दीपकच्या मोबाइलवर फोटो गेला असता ना."

हे ऐकून तानुबाई दाराआडून फिस्सकन हसल्या. वामनराव हसले. रुखमाबाईंनी ओठ दाबून पाहिले, पण काही उपयोग झाला नाही. चहाचे कप हातात थडथडायला लागले तेव्हा त्यांनी ते खाली ठेवले आणि जमिनीवरच बसून हसून घेतलं. उकंडराव तेवढे गंभीर राहिले.

"हासा," ते म्हणाले. "चार दिवस, चार दिवस याचा पंखा वरडत होता. मले दुपारी झोप येईना. येकदा वाटलं मरू दे. मंग वाटलं, फुकट जळून जाईन त्याचं मशीन. सांगनारं कोनी नाही त्याले. बुलडान्याचा मानूस लावून गेला आन् पंचवीस फोटोवर ठेवून गेला, गधा." त्यांनी हातातली कचोरी कागदावर ठेवली. "तं आलो. दार वाजवलं. यानं उघडलं. म्या म्हटलं, लोड पाह्याचा हाय. हा म्हने, ये."

"अजून काय म्हनाव मंग मानसानं?" वामनराव म्हणाले आणि उगीच बकरीच्या खिडकीकडं पाहू लागले.

शूटिंगचा विषय कोणी काढला नाही. तानुबाईंनी कचोऱ्यांचा कागद उचलून उरलेल्या दोन चुपचाप फडताळात ठेवल्या; भासऱ्यांची साखर त्यांनाही ठाऊक होती. बाहेर बकरीनं चमकीचा पडदा अर्धा संपवला होता, तो वाचवायला वामनराव पळाले. सगळे कपडे काढेपर्यंत पंखा हळूहळू शांत झाला आणि स्क्रीनवरची जीभ एकदाची आत गेली.

तोवर रुखमाबाई वामनरावांच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या होत्या. कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत त्या जन्मात पहिल्यांदाच बसत होत्या.

"सरका," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आन् तो उंदीर द्या मले इकडे. ते लाल चौकट कुठून ओढतेत?"

"तुले काय कराचं?"

"तुमी सांगा तं."

उकंडरावांनी दाखवलं. रुखमाबाईंनी उंदीर असा धरला जसं काही तो पळून जाईल, आणि जीभ दातात धरून दाराभोवती चौकट ओढायला लागल्या. ती वाकडी आली. पुसली. पुन्हा ओढली.

"फोटो पंधरा ठेवा लागतीन दादा," वामनराव अर्धा पडदा खांद्यावर टाकून आत येत म्हणाले. "दहानं चाल तुटक दिसते."

"दहा बस होते. मेहकरच्या गड्यानं सांगतलं."

"तुहे कॅमेरे सहा, माहे आठ."

"आठ हाय म्हनून तं दहा! जास्त कॅमेरे, कमी फोटो. साधा हिसाब समजत नाही तुले?"

"तुले पह्यलेपासूनच सारं समजते दादा."

"मंग? मोठा कोन हाय?"

दोघांचा आवाज चढला. तानुबाईंनी घाबरून जावेकडं पाहिलं. रुखमाबाईंनी स्क्रीनवरून नजरही हलवली नाही. "भांडू दे," त्या म्हणाल्या, "तू चिकाचं पातेलं चढव. मी हे एवढं दार झाकून येतोच."